बिनहाडकाचा घास

त्या वर्षी चैत्रात गावदेवीच्या मानाचा कोंबडा राघोच्या घरी शिजला, आणि त्याच कोंबड्याचं हाड राघोच्या घशात अडकलं.

ही गोष्ट कोपरीची. ठाण्याला आगगाडी येऊन तेव्हा तिशी उलटली होती. टेसनापलीकडं गाव, गावाच्या पुढं भरतीच्या पाण्याचं खाजण आणि खाजणात मिठाची आगरं. राघो त्या आगरांतला जाणता माणूस. कोंडीतलं, म्हणजे आगरातल्या वाफ्यातलं, मीठ ओढायचं की अजून एक ऊन खाऊ द्यायचं, हे त्याला विचारल्याशिवाय कोणी पाण्यात फळी घालत नसे. बोलणं मोजकं, आवाज जड. भरल्या ताटावर बसला की ताट चाटूनपुसून उठणारा गडी.

तो कोंबडा तोडला होता त्याच्या सुनेनं, बायजानं.

बायजा आंबिवलीची. कामाला वाघीण, पण हाताला धीर नाही. भाकरी थापताना तिला अंगणातलं वाळवण दिसायचं, वाळवण हलवताना चुलीवरचं कालवण उतू जाईलसं वाटायचं. त्या दिवशी घरात पाव्हणे होते, बाहेर वाजंत्री वाजत होती. तिनं कोयता घेतला आणि लाकडं फोडावीत तसा कोंबडा फोडला. तंगडीचं हाड उभं चिरफळलं. तिनं ते पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी थांबली असती की नाही, देव जाणे.

पहिल्याच पंगतीत राघो खाता खाता थांबला. डोळे मोठे झाले, हात गळ्याशी गेला. कोणी पाठीत धपाटे घातले, कोणी भाताचा कोरडा गोळा तोंडात कोंबला. म्हाताऱ्याचा श्वास कसाबसा चालू होता, चेहरा जांभळा पडत चालला. बायजाचा नवरा गोपीनाथ तसाच उष्ट्या हातानं चेंदणीच्या कोळीवाड्याकडं पळाला आणि सखुबाईला घेऊन आला. माशाचे काटे काढण्यात त्या म्हातारीचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिनं राघोला ओट्यावर उताणं निजवलं, मान खाली लोंबू दिली, बोटाला तेल लावलं आणि घशात घातलं. बोट बाहेर आलं तेव्हा त्याच्याबरोबर रक्त होतं आणि सुईसारखी एक हाडाची किरच.

"दोन-चार दिस पेज द्या," सखुबाई म्हणाली. "मग खाईल नेहमीसारखा."

ठमाबाईनं, म्हणजे राघोच्या बायकोनं, ती किरच तळहातावर घेतली आणि सुनेपुढं धरली. "बघ. धसमुसळी कुठली! तुझ्या घाईनं माझं कुंकू पुसलं असतं."

बायजा खाली वाकून पंगतीची उष्टी ताटं उचलू लागली.

दोन-चार दिवस गेले, पंधरवडा गेला. राघो पेजेवरून पुढं सरकेना. जखम भरली होती, आवाज मोकळा झाला होता, पण घास तोंडात गेला की तो दोन्ही गालांत फिरायचा आणि पुन्हा ताटात पडायचा. मऊ भात घातला, तर त्यातलं एखादं शीत टोचायचं. मासळी तर त्यानं डोळ्यांसमोरही येऊ दिली नाही. घरात बाकीचे जेवायला बसले की तो उठून बाहेर जाई. कोणी हाड चोखल्याचा आवाज कानावर आला तर त्याचा हात आपोआप गळ्याकडं जाई. हे फक्त बायजाला दिसायचं, कारण वाढायला तीच असायची.

महिना उलटला तसे त्याचे खांदे उतरले, गळ्याखालची हाडं वर आली. वैशाखाचं ऊन तापलेलं, आगरात मीठ ओढायची घाई, आणि आगरातला जाणता माणूस ओट्यावर भिंतीला टेकून बसलेला. लोक येऊन विचारत, "राघोबा, उद्या ओढू का रं?" तो मान हलवी. कशाला हो म्हटलं नि कशाला नाही, हे त्याचं त्यालाही कळत नसावं. एकदा त्यानं कच्चंच मीठ ओढायला लावलं. ते काळपट, ओलसर मीठ रास करून पडलं आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं त्याला नावं ठेवली.

बायजाला घरात बसवेना, आगरात उभं राहवेना. मिठाची पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून चालताना तिला म्हाताऱ्याची मान दिसायची. सासऱ्याला ती मामा म्हणायची. म्हणायची म्हणजे मनातच, कारण सासरा सुनेशी समोरासमोर बोलायचा नाही. काही सांगायचं असलं तर ठमाबाईला म्हणायचा, "तिला सांग, पाणी आण." लग्नाला सहा वर्षं होत आली, पण त्यानं तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. शिव्या घातल्या असत्या तरी तिला बरं वाटलं असतं. तो नुसता तिच्या हातांकडं बघायचा.

"कोंबडीचं मांसच द्यावं त्यांना," एक दिवस ती नवऱ्याला म्हणाली. "हाड काढून. पेजेनं काय ताकद येतेय?"

गोपीनाथ चमकला. "कोंबडीचं नाव काढू नको. आई तुना घराबाहेर काढील."

पण बायजाच्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं. माहेरून आणलेल्या तिच्या स्वतःच्या कोंबड्या होत्या. त्यांतली एक जुनी, अंड्यावरून उतरलेली, तिनं ठमाबाई बाजाराला गेलेली बघून कापली. छातीचं मांस बोटांनी ओरबाडून काढलं. हाड राहू नये म्हणून ओढलं, पिळलं, त्याच्या चिंध्या केल्या. मग मडक्यात घालून, मसाला लावून, कडक जाळावर दुपारभर शिजवलं. शिजेल तितकं मऊ होईल असा तिचा हिशेब.

संध्याकाळी ताट पुढं आलं. राघोनं वास घेतला आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं दिसलं. त्यानं एक तुकडा उचलला. पण त्या म्हाताऱ्या कोंबडीचं मांस शिजून शिजून काथ्या झालं होतं. दोरा दोरा वेगळा होऊन त्याच्या दातांत, टाळ्याला, घशाच्या तोंडाशी चिकटला. त्याला पुन्हा ती किरच आठवली असणार. तो ओकारी काढत उठला, ताट पायानं लवंडलं आणि अंगणातल्या तुळशीपाशी जाऊन वाकला.

ठमाबाईनं त्या दिवशी सुनेचं जे काही काढलं, ते साऱ्या आळीनं ऐकलं. "मारायलाच बसलीय ही त्याला! एकदा चुकला म्हणून पुन्हा नेम धरलाय!"

दुसऱ्या दिवशी बायजा आगरात गेली नाही. ती तडक चेंदणीला गेली.

सखुबाई दारात बोंबील फाडत बसली होती. बायजा उभ्या उभ्याच बोलत सुटली: मामा खात नाहीत, घसा अजून दुखत असेल, तुम्ही परत एकदा बोट घालून बघा, काही राहिलं असेल आत.

"काय नाय राहिलं," सखुबाई मान वर न करता म्हणाली. "हाड माझ्या बोटाला लागतं, काढते मी. भ्याव बोटाला लागत नाय गो बाय. ते मी कसं काढू?"

"मग काय करू?"

"आधी खाली बस. नुसती नाचतेस काय दारान?"

बायजा बसली. सखुबाईच्या हातात बोटाएवढी पातळ सुरी होती. बोंबलाच्या पोटातून ती शिरायची आणि मधल्या काट्याला चिकटून सरळ शेपटीपर्यंत जायची. काटा उचलला की मागं मासळी अख्खी, कुठं फाटलेली नाही. एक, दुसरा, तिसरा. म्हातारीला घाई नव्हती आणि तरी ढीग कमी होत होता.

"जोर लावत नाय तुम्ही," बायजा म्हणाली.

"जोर कशाला? हाड आपणहून वाट दाखवतं. सुरीनं त्याला विचारीत जायचं." मग तिनं सुरी बायजाच्या हातात दिली. "घे, फाड."

बायजानं पहिले बोंबील चेंदून टाकले. सखुबाईनं ते मुकाट्यानं मांजरापुढं टाकले आणि दुसरे पुढं सरकवले. दुपार कलेपर्यंत बायजाच्या हाताखालून काटा सबंध निघायला लागला होता. उठताना सखुबाई म्हणाली, "सुरी ने. आणि कोवळी कोंबडी घे. म्हातारीचं मांस म्हाताऱ्याला घालतेस, येडी का काय?"

घरी एक तलंग होती, अजून अंड्यावर न आलेली. तीही बायजाचीच, पण ठमाबाईचा तिच्यावर डोळा होता. आता चार दिवसांत अंडी घालील, अशी वाट बघणं चाललेलं. बायजानं या वेळी लपवलं नाही. सासूसमोर जाऊन म्हणाली, "आत्या, तलंग कापतेय. मामांसाठी."

ठमाबाई ताडकन उठली. पण सुनेच्या तोंडाकडं बघून तिच्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली. "काप," ती म्हणाली. "पण या वेळेला त्यानं ताट लवंडलं, तर आंबिवलीची वाट धरायची."

बायजानं तलंग सोलून, धुऊन पाटावर उताणी ठेवली. छातीवरून बोट फिरवलं. मधोमध होडीच्या तळासारखं धारदार हाड लागलं. त्याच्या एका अंगाला सुरी टेकवली आणि हाडाला चिकटूनच खाली नेली. केळीच्या खांबाचा सोप सुटावा तसं मांस सुटत गेलं. मानेजवळ चिमट्यासारखं एक नाजूक हाड असतं, तिथं तिचा हात सवयीनं पुढं धावला. तिनं तो आवरला, सुरी वळसा घालून नेली. अख्खी फोड तळहातावर आली, गुलाबी, गुळगुळीत. तिच्या पोटाला आणखी एक बारीक लांबट फोड चिकटली होती आणि तिच्यातून पांढरी शीर डोकावत होती. हीच घशात दोऱ्यासारखी अडकते, हे तिनं ओळखलं. शिरेचं टोक चिमटीत धरून तिनं सुरीनं मांस मागं सारलं. शीर निघाली. दुसऱ्या बाजूचंही तसंच केलं. मग डोळे मिटून फोडींवरून बोटांची टोकं फिरवली, पुढून, मागून, कडेनं. काही लागलं नाही. तरी पुन्हा फिरवली.

घरच्या मिठाचं पाणी करून तिनं फोडी त्यात बुडवून ठेवल्या. आगरात दिवसभर मिठाच्या पाण्यात राहून पायांची कातडी कशी मऊ पडते, हे तिला ठाऊक होतं. मांसाचंही तसंच होईल असं वाटलं, म्हणून. बाकीची तलंग नेहमीसारखी रश्श्यात गेली. ऊन कलल्यावर फोडी काढून निथळल्या. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. पातळ टोक आधीच वाळून जाणार. तिनं केळीच्या पानात गुंडाळून जाड बाजू वरवंट्यानं हलके ठोकली, दोन्हीकडं सारखी होईपर्यंत. हळद, ठेचलेला लसूण, आमसुलाचं थोडं पाणी. मसाल्याच्या डब्याला हात लावला नाही.

आता चूल. हा तिचा खरा कस होता. जाळ मागं ओढून निखारे तेवढे पुढं ठेवले, मातीच्या तव्यावर तेल पसरलं, फोडी टाकल्या. चर्र झालं आणि तिचा हात कालथ्याकडं गेला. उलटून बघावं, दाबून बघावं, पाणी शिंपडावं, नाहीतर निदान जाळ तरी सारावा. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि ते तसेच दाबून बसली. कडा पांढऱ्या होत वर चढल्या, तेव्हा एकदाच उलटलं. वर ताटली झाकली. ठमाबाई दारातून बघत होती. न राहवून म्हणाली, "उतरव आता. निखाऱ्याचा ताव तव्यात राहतोच."

बायजानं उतरवलं. लगेच कापायला गेली, तर पुन्हा ठमाबाई म्हणाली, "जरा दम खाऊ दे त्याला. आणि तूही खा."

मग आडव्या रेषेत, दोऱ्यांच्या उलट, तिनं पातळ काप केले. कापताना पाटावर रस सुटला.

राघोपुढं ताट गेलं: मऊ भात, त्यावर थोडा रस, बाजूला काप. त्यानं ताटाकडं पाहिलं, मग काप बोटानं चाळवले, एकेक उलटून बघितला. खाल्ला नाही. गोपीनाथ खांबाला धरून उभा होता. चुलीपाशी बायजा उगाच निखारे सारत होती.

"कोणी केलंय?" राघोनं विचारलं. विचारलं ठमाबाईला.

"तिनंच."

राघोनं मान वळवली. सहा वर्षांत पहिल्यांदा तो सुनेकडं बघून बोलला. "बायजा. इकडं ये. बस."

बायजा पुढं आली, उभी राहिली.

"बस म्हटलं ना. पुढ्यात बस. तू खा आधी."

ठमाबाईचा हात तोंडावर गेला. "अवो, काय बोलताय? सून सासऱ्यापुढं बसून खाईल? गाव काय म्हणील?"

"गावाच्या घशान हाड नव्हतं अडकलं," राघो म्हणाला. "बस पोरी."

बायजा बसली, एक गुडघा वर, जणू आत्ता उठून पळेल. राघोनं आपल्या ताटातला एक काप उचलून तिच्या हातावर ठेवला. तिनं पदर पुढं ओढला, काप तोंडात टाकला आणि गिळून मोकळी झाली.

"असं नाय. मना दिसलं पायजे. सावकाश."

दुसरा काप. आता तिला चावावं लागलं. घरातल्या बाईनं बसून, चव घेऊन खावं, असं तिच्या आयुष्यात कधी झालंच नव्हतं. सगळ्यांचं उरकल्यावर चुलीपाशी उकिडवं बसायचं, उरलंसुरलं पोटात ढकलायचं आणि भांड्यांना लागायचं. कोंबडी झाली तर तिच्या वाट्याला मान, पाय, पाठीचं हाड. छातीचा तुकडा तिनं आजवर शेकडो वेळा वाढला होता, खाल्ला कधीच नव्हता. मांस दातांखाली सहज तुटलं. मिठाची चव आतपर्यंत गेली होती, मागून आमसुलाचा किंचित आंबटपणा. तिच्या डोळ्यांत का कोण जाणे पाणी आलं, आणि ते लपवायला पदर पुरेना. राघो तिच्या जबड्याकडं बघत होता, मग गळ्याकडं. तिनं गिळलं. त्याच्या गळ्याची घाटी तिच्याबरोबर हलली.

मग त्यानं एक काप उचलला. तोंडात ठेवला. किती वेळ तो नुसता ठेवून बसला होता. कपाळावर घाम आला. गोपीनाथ खांब सोडून पुढं सरकला, तसा ठमाबाईनं त्याला हातानं थोपवलं. राघोनं चावलं, थांबला, पुन्हा चावलं. डोळे मिटून गिळलं. हात गळ्याकडं गेला, तिथंच राहिला, आणि हळूहळू खाली आला.

"अजून एक खा," तो बायजाला म्हणाला.

असं त्या दिवशी तीनदा झालं. चार काप तिच्या पोटात, तीन त्याच्या. बाकीचं ताट तसंच ठेवून तो उठला.

सगळं त्या एका ताटानं सुटलं, असं मात्र नाही. दुसऱ्याच दिवशी त्यानं पुन्हा पेज मागितली. तिसऱ्या दिवशी काप खाल्ले, पण भाताला शिवला नाही. एकदा खाता खाता मध्येच उठून गेला. बायजा रोज पुढ्यात बसायची; कोंबडी रोज कुठली, तेव्हा कधी अंडं, कधी काटा काढलेला बोंबील, कधी नुसती भाकरी कुसकरून. पण बसायची. अंगावर मुंग्या चालाव्यात तसं तिला व्हायचं. मागं कामाचा डोंगर पडलेला आणि आपण इथं सासऱ्यापुढं घास चावतोय. हळूहळू राघो मधल्या वेळात बोलायला लागला. आज वारा कसा होता, कोंडीत मीठ कुठल्या बाजूनं धरतंय, पायाला कसं लागतंय. ती येताना बघून येई आणि सांगे. एक दिवस तो म्हणाला, "उद्या ओढा म्हणून सांग त्यांना." त्या खेपेचं मीठ शुभ्र निघालं.

गावानं बोलायचं ते बोलून घेतलं. भावकीतला एक जण ओट्यावर येऊन म्हणाला, "राघोबा, सुनेला पंगतीला बसवतोस म्हणे?" राघो म्हणाला, "तुझी बायको बसते का तुझ्या पुढ्यात? नाय ना? मग तुला काय ठाऊक ती काय खाते ते." तो परत त्या विषयावर आला नाही.

मात्र एका माणसाला हे लागलं होतं. पावसाळ्याच्या तोंडाशी, मिठाच्या राशींवर गवत शाकारून झाल्यावर, दोघी घरी परतत असताना ठमाबाई मध्येच थांबली. "चाळीस वर्सं वाढलं मी त्याला," ती म्हणाली. "मना कधी 'बस' म्हणाला नाय."

बायजाही थांबली. "तुम्ही बसा उद्यापासून," ती म्हणाली. "मी वाढते."

"आता? आता काय बसायचंय," ठमाबाई म्हणाली आणि भराभरा पुढं चालू लागली.

राघो त्यानंतर सात-आठ वर्षं जगला. हाडाचा तुकडा त्यानं पुन्हा तोंडात घातला नाही, आणि शेवटपर्यंत आगरात त्याचाच शब्द चालला. गेला तो साध्या तापानं. त्याच्या मागं बायजाला शेजारपाजारच्या घरांतून बोलावणी येऊ लागली. कोणाची बाळंतीण अशक्त, कोणाच्या बापाचे दात गेलेले, कोणी तापातून उठलेलं. ती सखुबाईची सुरी पदराला बांधून जाई, फोडी काढून देई, चुलीपाशी बसून दाखवी. विठ्ठलवाडीच्या एका घरी तर ती गाडीनं कल्याणला उतरून पुढं चालत गेली होती. मात्र काम झालं की पाणीही न पिता निघायची. यजमानीण म्हणायची, "अगो, बस की जरा," तोवर ही दाराबाहेर.

ठमाबाईचेही दात एकेक करून गेले. एका दुपारी तिनं सुनेला हाक मारली. "बायजा, माझ्यासाठी करशील का गो ते बिनहाडकाचं?"

बायजानं केलं. ताट वाढून ठेवलं आणि सवयीनं उठायला लागली, तर म्हातारीनं तिचा हात धरला. पलीकडं आणखी एक पाट मांडलेला होता. तो कोणी आणि कधी मांडला, ते बायजाला दिसलं नव्हतं. ती बसली. ठमाबाईनं पहिला काप तोंडात घोळवला, गिळला, आणि दुसऱ्याकडं हात नेत म्हणाली, "लसूण थोरा जास्ती झालाय. पण खा, तू खा."